ओल्या चुन्यातली नऊ माणसं

मी रंग विकते. डिचोलीच्या बाजारात वडिलांचं दुकान होतं, ते आता मी चालवते. चित्रांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कुठला रंग कशावर धरतो आणि कशावर धरत नाही, एवढं कळतं. तेही एका माणसामुळे कळलं, आणि उशिरा कळलं.

त्याला सगळे पेंटर म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथेच राहिलं. मूळ इब्रामपूरचा. बाजारामागे एका खोलीत एकटा राहायचा. उंच, पाठीत थोडा वाकलेला, बारमाही मानेमागे सदऱ्याला अडकवलेली छत्री आणि हातात बाल्दी. बाल्दीत चुना नसेल त्या दिवशी तीत भाजी असायची. सकाळी पाववाला पदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला की हा दोन उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचा. एक चहात बुडवून खायचा. दुसऱ्याचा मऊ गाभा काढून खिशात ठेवायचा. भिंतीवर कोळशाची रेघ चुकली की त्या गाभ्याची गोळी करून तो ती पुसायचा. मी एकदा म्हटलं, आमच्या दुकानात खोडरबर आहे, घेऊन जा. तर म्हणाला, "रबर भूक लागल्यार खावंक येना."

दुकानातून तो नीळ, पिवडी आणि ब्रश न्यायचा. लाल रंग त्यानं कधी नेला नाही. तेव्हा शिरगावच्या बाजूनं खनिजाचे ट्रक दिवसभर धावत. झाडं, छपरं, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर तांबडी धूळ बसायची. ती धूळ तो गोळा करायचा, चाळायचा, मडक्यात भिजत घालायचा आणि वरचा गाळ वापरायचा. "जें फुकट नाकांत वता तें विकत कित्याक घेवप?" त्यामुळे त्याच्या चित्रात ड्रायव्हरचा शर्ट, बाईचं लुगडं, कौलं आणि कोंबड्याचा तुरा, सगळं एकाच लाल रंगाचं असे.

चित्रं म्हणाल तर वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांसारखी. नारळाएवढं डोकं, काकडीएवढं अंग, पायांच्या काड्या. गोल डोळे, सगळ्यांचे समोर रोखलेले. भोवती काळी जाड रेघ. हायस्कूलचे ड्रॉइंगमास्तर ती बघून मान हलवायचे. पण पोरासोरांनाही चित्रातला माणूस लगेच ओळखू यायचा, कारण पेंटर चेहरा बघतच नसे, हात बघायचा. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. "तो गे, नाल्ल सोलपी हात," नारळ सोलणारा, असं म्हणून तो माणसाची आठवण काढायचा. मला तो "वजन करपी बाय" म्हणायचा, मी तराजूवर चुना तोलायचे म्हणून. चित्रात कुणाचाही हात रिकामा नसायचा. अगदी तान्हं मूल असलं तर त्याच्याही मुठीत आईचा पदर द्यायचा.

आमच्याकडे चवथीच्या आधी गणपतीमागची भिंत रंगवतात. बाकीचे रंगारी मोर, कमळं, झालरीचा पडदा काढायचे. पेंटर घरची माणसं काढायचा. मधोमध देवापुरती जागा पांढरी सोडायची आणि दोन्ही बाजूंना सगळं घर कामाला लागलेलं दाखवायचं. कोण खोबरं किसतंय, कोण फुगड्या घालतंय, कोण पडवीत पडून घोरतंय. घोरणाऱ्याच्याही हातात पंखा. श्रावण लागला की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत त्याला बोलावणी यायची.

त्याची कामाची रीत जुनी होती. त्याच्या गुरूनं देवळांतून कावीचं, तांबड्या मातीनं भिंत चितारायचं काम केलं होतं. भिंत आधी भिजवायची, वर चुन्याचा पातळ हात द्यायचा आणि चुना ओला आहे तोवर त्यात रंग घालायचा. रंग वर बसत नाही, चुन्याबरोबर आत जातो आणि आतच सुकतो. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. पावसाळी हवेत चुना सावकाश सुकतो, त्याला तेच हवं असे. त्या वेळात कुणी चहा पुढे केला तरी तो बघायचा नाही.

पण कोळसा हातात धरण्याआधी एक विचारणा व्हायची. पेंटर ओटीवर टेकायचा नाही, यजमानाला नमस्कार करून सरळ मागल्या दारी जायचा आणि जी बाई तांदूळ मोजून काढते तिला विचारायचा, "शीत कितल्यांचें?" किती जणांचा भात. ती सांगेल तो आकडा. यजमानाला विचारायचा नाही. मी कारण विचारलं होतं. म्हणाला, "दादल्याक विचारल्यार तो मान मेजता. बायलेक विचारल्यार ती पानां मेजता." मेजप म्हणजे मोजणं.

यावरून शिरगावला एकदा गंमत झाली. तिथले एक ट्रकमालक, माणूस गडगंज. त्यांच्या मागल्या दारी स्वयंपाकीणबाईनं सांगितलं, एकोणीस. घरची सात आणि अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे ड्रायव्हर, हमाल, त्यांच्या बायका, कोल्हापूर-बेळगावकडची बारा. सगळ्यांचा भात त्याच चुलीवर. पेंटर एकोणीस काढायला लागला. चुन्याचा कट्टा पोहोचवायला मी टेम्पोतून गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. घमेलं घेऊन चाललेली एक बाई भिंतीवर स्वतःला बघून थबकली.

"आमास्नी कशाला काढतासा? आमी काय घरची न्हवं."

"शीत खंय जेवतां?"

"हितंच की."

"मागीर?"

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि मग हसू आवरून नुसती उभी राहिली. तेवढ्यात मालक आले. एकोणीस डोकी सारख्याच मापाची आणि त्यातलं कुठलं आपलं हे शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

"माका मात्सो व्हड काड रे. मालक कोण तें कळूंक जाय."

"जाता," होईल की, असं पेंटर म्हणाला आणि मालकांच्या काड्यांसारख्या पायांखाली त्यानं एक भलामोठा धोंडा काढला. माणूस तेवढाच, धोंड्यावर उभा. हमाल हसू दाबत पांगले. मालक आधी लाल झाले, मग हसले. पुढची कित्येक वर्षं शिरगावात कुणी तोऱ्यात वागायला लागला की लोक विचारायचे, धोंडा घेऊन आलास की काय?

हे सगळं सांगितलं, कारण आमच्या घरी जे झालं ते याच विचारण्यामुळे झालं.

आमचं घर लाटंबार्सेला. बाबा रोज दुकानासाठी डिचोलीला यायचे. माझा काका पणजीत सरकारी कचेरीत होता आणि म्हापशाला बिऱ्हाड करून राहायचा. चूल वेगळी, गणपती एक. आमच्या भागात असंच असतं. भाऊ कुठेही राहोत, चवथीला मूळ घरी जमायचं. गणपती वेगळा करायचा तर ग्रामदेवतेला कौल लावून परवानगी घ्यावी लागते, आणि एकदा वेगळा केलेला परत एक करत नाहीत. जमीन वाटून घेतलेले भाऊही गणपती वाटायला कचरतात.

माटोळी हे दोघा भावांचं काम होतं. देवाच्या वर छताला पोफळीच्या कांबींची चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपाऱ्या, केळी, रानातली फळं बांधतात. भरलेली चौकट जड होते. एक टोक बाबा धरायचे, दुसरं काका. आम्ही भावंडं खालून फळं द्यायचो.

गोवा घटक राज्य होण्याच्या आगेमागेची ती वर्षं. भाषेचा वाद घराघरांत शिरला होता. बाबा मराठीचे. दुकानाची पाटी मराठी, पोथी मराठी, आरती मराठी, मग राजभाषा दुसरी कशी, असं त्यांचं म्हणणं. काका कोकणीचा. आम्ही बोलतो ती भाषा कोकणी, तिला तिचं स्थान मिळालं पाहिजे, असं त्याचं. रस्ते बंद, बस बंद, अशा दिवसांत काका एकदा घरी आला आणि पडवीत दोघांचं जुंपलं. मी आत बसून ऐकत होते. दोघंही भांडत होते ते आजोबांपासून आमच्या घरात चालत आलेल्या एकाच बोलीत. शेवटी बाबा म्हणाले, "जाल्यार आरतीय तुज्या भाशेंत म्हण आनी तुज्याच घरांत म्हण."

काका म्हणाला, "बरें दादा. म्हणटां." आणि चप्पल घालून गेला.

आईनं दोन कप चहा केला होता. तो तिनं झाकून ठेवला, नंतर ओतून टाकला.

त्या वर्षी चवथीला चार दिवस असताना पेंटर आमच्याकडे आला. बाबा दुकानात होते. पेंटर मागल्या दारी गेला. आई विहिरीवरून घागर घेऊन येत होती.

"वैनी, शीत कितल्यांचें?"

आईनं घागर खाली ठेवली. घरात आम्ही पाच होतो, आई-बाबा, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. काकाकडचे चौघं. काका, काकी, मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. पडवीतलं भांडण आईनं ऐकलं होतं. बाबा काय म्हणाले हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"नवांचें," ती म्हणाली.

पेंटरनं नऊ काढले. देवाच्या पांढऱ्या जागेच्या वर माटोळी काढली, तिचं एक टोक बाबांच्या हातात आणि दुसरं काकाच्या. दोघांची पोटं सारखी सुटलेली, दोघांच्या माना वर. काकीच्या हातात नेवऱ्यांचं, करंज्यांचं ताट, मुलाच्या हातात झांजा. छोटीच्या हातात दूर्वा आणि दोन वेण्या कानांपासून थेट आडव्या, विमानाच्या पंखांसारख्या. मी तांदळाच्या डब्याशेजारी तराजू घेऊन उभी. मला ते आवडलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. छत्री मिटून साल्यात, पुढच्या मोठ्या खोलीत पाय ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"हे चार कोण?"

पेंटर ब्रश धूत होता. "तुमचो भाव. तागेलीं बायल-भुरगीं."

"तीं येवचीं नात."

"तें माका खबर ना, शेट. वैनीन नव म्हळें."

"घर माजें काय वैनीचें?"

"घर तुमचें. शीत वैनीचें."

आई दारात होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती आत गेली नाही.

"पुसून उडय," बाबा पेंटरला म्हणाले.

"हांव घालपी, शेट. काडून उडोवपी न्हय." त्यानं बाल्दी उचलली, छत्री पाठीला अडकवली आणि तो निघाला. दारात माझ्यापाशी क्षणभर थांबला. माझ्या हातांकडे बघून गेला.

मग बाबांनी मला सांगितलं. मी बारावी करून नुकतीच दुकानात बसायला लागले होते. कामाला वाघ होते, अर्धवट काम मला खपत नसे. दुसऱ्या दिवशी दुकानातून चांगल्यातला पांढरा ऑईल पेंट आणला. साधा चुना लावला तर खालचा रंग दिसत राहील, असा माझा हिशेब. बाबा एवढंच म्हणाले, "माटोळी पुसूं नाका. ती देवाची." म्हणून माटोळी ठेवली, आणि शेजारची माणसं बिघडू नयेत म्हणून काळ्या रेघेच्या आतून-आतून, बारीक ब्रशनं, चौघं पांढरे केले. दोन हात दिले. बाहेर एक थेंब गेला नाही. मला वाटलं, काम नीट झालं.

तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, बाबांनी माटोळी बांधायला घेतली. दुसरं टोक मी धरलं. हात भरून आले तरी बाबांनी घाई केली नाही, काकाबरोबर बांधताना करायचे तशीच एकेक सुपारी मोजून बांधली. भिंतीवरचे बाबाही माटोळीचं एक टोक धरून उभे होते. त्यांच्या समोरचं टोक अधांतरी होतं.

काका येणार नाही असं बाबा धरून चालले होते. चवथीच्या सकाळी पहिल्या बसनं काका आला. काकी, मुलगा, मुलगी, आणि पिशवीत माटोळीसाठी रानातली कांगलं. बाबा देवाजवळ बसले होते, ते उठले नाहीत. पण "या" म्हणाले. आईनं घाईनं पाण्याचा तांब्या आणला. मला वाटलं, मिटलं.

मग मी समई पेटवली.

चुना उजेड पिऊन टाकतो. ऑईल पेंट चकाकतो. रंग विकणाऱ्याच्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं. समईची वात मोठी झाली आणि साऱ्या भिंतीवर ते चौघंच लखलखायला लागले. चार पांढरी माणसं, डोळे नाहीत, तोंडं नाहीत, हात-पाय मात्र रेखीव. माझ्या कामाला कुठे खोट नव्हती.

मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती. छोटी भिंतीजवळ गेली. एका पांढऱ्या आकाराला कानांपासून आडव्या गेलेल्या दोन वेण्या होत्या. तिनं स्वतःच्या वेण्या दोन्ही हातांनी आडव्या धरल्या आणि वळून विचारलं, "आई, हें हांव न्ही?"

काकीनं तिला जवळ ओढलं. काकानं भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. माटोळीच्या अधांतरी टोकावर त्याची नजर जरा थांबली. मग त्यानं नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि आईला म्हणाला, "वैनी, येतां."

"पानां वाडटां," आई म्हणाली.

"देवाक दाखय."

बाबा तिथेच होते. एक शब्द बोलले असते तर पुरला असता. मीही बोलू शकले असते, की हे मी केलं, मला सांगितलं होतं. मी समईची वात नीट करत बसले. पुढच्या वर्षी काकानं कौल घेतला आणि म्हापशाला गणपती आणला.

पेंटर दोन दिवसांनी दुकानात आला, नीळ घ्यायला. त्याला सगळं कळलं होतं.

"किदें लायलें?"

"ऑईल पेंट. दोन हात."

"ओल्या चुन्यार?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पुडी बाल्दीत टाकली. "बरें."

मला वाटलं, कामाला बरं म्हणाला.

पुढच्या चवथीपर्यंत त्या पांढऱ्याला फोड आले होते. चुन्यातली ओल बाहेर पडायला वाट शोधत होती. पापुद्रे सुटले आणि एके ठिकाणी लाल दिसायला लागलं. काकीच्या लुगड्याचा काठ. बाबा म्हणाले, "बाये, थंय मात्शें पळय." मी तिथे बघितलं आणि पुन्हा एक हात मारला. त्याच्या पुढच्या वर्षी मुलाच्या झांजा वर आल्या. मी म्हटलं, बाबा, सगळीच भिंत खरवडून पांढरी करूया, एका दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, "नाका. भिंतीक हात लावचो न्हय." भिंत ठेवायची आणि चौघांना झाकायचं. मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. पण दर चवथीच्या आधी डबा आणि ब्रश घेऊन मी स्टुलावर चढत राहिले.

दर वर्षी पेंटर दुकानात विचारायचा, "यंदा कितलें भायर सरलां?"

"एक कोपर."

"कोणाचें?"

"काकाचें."

तो मान डोलवायचा आणि पिवडी मागायचा. तिसऱ्या वर्षी मला राग आला. मी म्हटलं, चुन्यावर ऑईल पेंट धरत नाही हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं, सांगितलं का नाही? तो म्हणाला, "तुवें विचारलें ना. आनी रंग तूं विकता, हांव न्हय." गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. तेव्हापासून ऑईल पेंट मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, खाली काय आहे?

त्याच्या खोलीत मी फक्त दोनदा गेले. पहिल्यांदा, पाय सुजून तो झोपून होता तेव्हा पेज घेऊन. चारही भिंती नुकत्या चुना दिलेल्या, पांढऱ्या, एक रेघ नाही. मला नवल वाटलं. मी म्हटलं, गावभर माणसं काढता, इथे एक तरी काढायचं. तो पेजेत मीठ कालवत होता. "हांगा शीत मेजपी कोण आसा? हांवच. आपल्याकच विचारून आपणाकच काडप, तें बरें दिसना."

मग त्याला सरकारी इस्पितळात हलवलं. चवथीला आठवडा होता. मी भेटायला गेले तर तो नर्सच्या हातांकडे बघत होता. मला ओळखलं, आणि सवयीनं विचारलं.

"काकाचो हात," मी सांगितलं.

"खंयचो?"

"माटोळी धरपी."

"झांकलो?"

"कालच."

"बरें," तो म्हणाला. "येतलो परत."

चवथीनंतर तो गेला. जवळचं कुणी नव्हतं, खोली मीच रिकामी केली. छत्री, दोन बाल्द्या, ब्रश, तांबड्या गाळाचं मडकं. मडकं मी दुकानात आणून ठेवलं. ते वाळून गेलंय, पण आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी चवथीला चार दिवस असताना म्हापशाहून फोन आला. काका कचेरीत खुर्चीवरच गेला होता. बाबा माझ्याबरोबर टॅक्सीनं म्हापशाला आले. उत्तरक्रियेला काकाच्या मुलाजवळ बसले, भटजी सांगतील ते करत राहिले. गणपती वेगळे झाले होते, सुतक वेगळं झालं नव्हतं. ते दोन्ही घरांना लागलं. मूर्तिकाराला दोन्ही घरांतून निरोप गेला, यंदा मूर्ती नको.

सुतक फिटल्यावर आम्ही लाटंबार्सेला परतलो. त्या वर्षी देव बसला नव्हता, म्हणून भिंतीला मी हात लावला नव्हता. पापुद्रे मोकळे सुटले होते, काही जमिनीवर पडले होते. बाबा साल्यातलं कदेल, लाकडी खुर्ची, ओढून भिंतीसमोर बसले. मला वाटलं, मी करायचं ते काम राहिलं आहे.

"रंग हाडूं?" मी विचारलं.

"नाका. काड तो."

मी लांबी भरायची पट्टी आणली. सात वर्षांचे हात एकावर एक बसून त्यांचं चांगलं जाड कवच झालं होतं. पट्टी कडेला घातली आणि कवच सुटून आलं, जोर लावावाच लागला नाही. आधी छोटी निघाली, वेण्या आडव्या. मग मुलगा, मग काकी. शेवटी काका. आम्हा पाचांवर सात वर्षं समईची काजळी आणि धूप बसला होता, आमचे रंग मातकट झाले होते. झाकलेले चौघं कालच काढल्यासारखे होते. काकाचा हात माटोळीच्या टोकावर होता, बोटं घट्ट आवळलेली. अधांतरी कधीच काही नव्हतं.

बाबा उठून जवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताचें पोट इतलें व्हड नाशिल्लें," ते म्हणाले.

"तुमचेंय नाशिल्लें," आई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. तिच्या हातात तांदळाचं माप होतं.

बाबा भिंतीकडेच बघत होते. आमच्या घरात हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. तो विचारणारा माणूस आता नव्हता.

"शीत कितल्यांचें?"

आईनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"आतां आठांचें," ती म्हणाली आणि तांदूळ काढायला आत गेली.

बाबा पुन्हा खुर्चीवर बसले. मी पापुद्रे सुपात भरले. ऑईल पेंट जाळला तर नुसता धूर होतो, म्हणून मागल्या दारी खड्डा खणून ते पुरले. मग हात धुऊन म्हापशाला काकीला फोन लावला.